बारा ओळींचं पुस्तक

“आता कागदाचं पुस्तक फकस्त भजी बांधायला!”

हे वाक्य रंभाजी बोलला ते गोरक्षच्या एसटीडी बूथसमोर, चार मानसं च्या पीत असताना, छाती फुगवून. मानसानं बोलावं, पन एवढं बोलू न्हाई. असलं वाक्य घरी जाताना वाटेतच आडवं येतं!

गोष्ट हाय देवळाली प्रवराकडची, साल अठ्ठ्यान्नव. रंभाजी म्हंजे बुद्धविहारातला वाचक. पावसाळ्यात वर्षावास लागला की तीन महिने रोज दिवेलागणीला वंदना व्हायची, आन् मंग रंभाजी पंचशील समजावून सांगनारं एक जाडजूड पुस्तक वाचायचा. चोवीस वर्सं! शाळा चौथीपत्तोर, पन आवाज असा की भोंग्याबिगर उसातलं कोल्हं उठून बसावं. वाचायची रीतबी ठरलेली. जिभेला बोट लावायचं, पान उलटायचं, राहिलं तिथं पिंपळाचं पान ठेवायचं. एका बैठकीला वीस-वीस पानं! बाया लसूण सोलायच्या, पोरं आडवी व्हायची, रंगनाथ तर बसल्या जागी घोरायचा. रंभाजी म्हनायचा, “ध्यानाला बसलाय, उठवू नका.”

पन गेल्या सालापासनं डोळ्यांनी दगा दिला. अक्षरं मुंग्यांवानी पळायची. अर्धं पाठ हुतं म्हनून निभावलं. एकदा अख्खं पानच गाळलं, कुनाला पत्ता न्हाई. कळलं फकस्त गोरक्षला. गोरक्ष बी. ए., नवा चष्मा, आन् चांगल्या मनाचाच पोरगा. तो म्हनला, “मामा, डोळं दमलं असतील तर औंदा मी वाचतो की!”

रंभाजीच्या काळजात कुसळ घुसलं. दिवसभर दुसऱ्याच्या उसाला पानी देनारा गडी तो. त्याला गावात मानूस म्हनून बसाय जागा मिळायची ती ह्या वाचनानं. वाचन गेलं तर उरतं काय? खोरं आन् चिखल!

ही गोष्ट त्याच्या भाचीच्या कानावर गेली. भारती नगरला एका छापखान्यात कम्प्युटरवर मराठी टाईप करायची. ल्हानपनी रंभाजीनं तिला मांडीवर घिऊन ह्याच पुस्तकातल्या अक्षरांवर बोट ठिवून वाचाय शिकवलं हुतं. पोरगी इसरली न्हाई. छापखान्यानं जुना कम्प्युटर काढून टाकला, तो तिनं मागून घेतला. मैत्रिणीच्या घरी तेच पुस्तक हुतं, ते आनलं. आन् रोज काम सुटल्यावर बसून, तीन महिने, अख्खं पुस्तक टाईप केलं! मामाला दिसावं म्हनून अक्षरं एवढी मोठी केली, की एकेक अक्षर पेरूएवढं. कम्प्युटरच्या डब्याच्या काचेवर बाराच ओळी मावायच्या.

फक्रुद्दीनभाईच्या टेम्पोतनं, गोधडीत गुंडाळून, बाळंतिनीवानी जपत कम्प्युटर विहारात आला. टेबल ठेंगणं निघालं. रंभाजीनं घरनं तीन जुनी जाड पुस्तकं आनून डब्याखाली सारली.

त्याची बायको विमलबाई म्हनली, “अवो, पुस्तकावर मशीन ठिवता? लाज न्हाई वाटत?”

“येडी का खुळी! आता मशीनच पुस्तक हाय!” म्हनला, आन् तसाच गोरक्षच्या बूथवर गेला, ते भज्याचं वाक्य बोलायला.

पहिल्या दिशी भारती शेजारी बसली. पहिलं शील झ्याक वाचून झालं. रंभाजीनं सवयीनं जिभेला बोट लावून काचेवर टेकवलं, तर चटदिशी झटका बसला! तरी गडी हसला. राहिलं तिथं पिंपळाचं पान ठेवायचं म्हनून काचेला लावलं, तर ते आपसूक चिकटून बसलं. “बघा, पुस्तक पान सोडत न्हाई!” म्हनला.

सोमवारी सकाळी जाताना भारतीनं समजावलं, “मामा, कम्प्युटर चालू केला की दुसरं शील आपोआप समोर येईल. ह्या एका बटनाला मी लाल नेलपॉलिश लावलंय. ते दाबलं की पान पुढं. बाकी बटनांना हात लावायचा नाही!”

“न्हाई लावत. तू जा बिनघोर.”

आता बघा. बटनांची पाटी चोरीला जाऊ न्हाई म्हनून रंभाजीनं वायर काढून ती घरी आनली. दुपारी पाटाच्या पान्यावरनं परत येतो तर काय, पाटी अंगनात धुतलेल्या गोधडीशेजारी उनात पडलेली, पितळी तांब्यावानी लखलखीत!

“विमल! ह्ये काय केलंस?”

“काय केलं म्हंजे? एवढी मळकी वस्तू विहारात न्यायची? राखेनं घासली, नारळाच्या शेंडीनं खाचाखाचातनं फिरवली. एका बटनाला तांबडं कायतरी लागलं हुतं, लई चिवट! खरवडून काढलं बाई एकदाचं!”

रंभाजीनं पाटी उचलून उनात धरली, तांबडा ठिपका कुठंच दिसंना.

संध्याकाळी पाटी जोडली, तर नशीब, मशीन चालू झालं! काचेवर दुसरं शील आलं. पन पान पुढं न्यायचं बटन कंचं? शंभर बटनं, सगळी सारखी, जशी गणवेशातली पोरं! रंभाजीनं मानसं यायच्या आधी एक दाबून बघितलं, तर शीलाच्या मधोमध उमटलं ‘ठठठठठठ’! पोरीनं तीन महिने डोळं फोडून लिहिलेलं, आन् आपन त्यात ‘ठ’ पेरला! त्यानं घाबरून मशीन बंद केलं, देवाला न मानणारा गडी पन डोळं मिटून चालू केलं. पुन्हा दुसरं शील, सोच्छ! मंग त्यानं मनाशी पक्कं केलं, पोरीच्या कष्टाला पुन्हा बोट लावायचं न्हाई.

तेवढ्यात मानसं जमली. रंभाजीनं बारा ओळी वाचल्या.

“‘न दिलेली वस्तू घेऊ नये. मागून आणलेली वस्तू परत न करणे हेही त्यातच येते. अशी वस्तू घरात पाहुणी म्हणून येते, आणि साक्षीदार होऊन राहते...’”

बारा ओळी सरल्या. सगळी पुढच्याची वाट बघत्यात. रंभाजीनं घसा खाकरला. “आजचं एवढंच! ह्याच्यावर इचार करा.”

मानसं एकमेकांकडं बघाय लागली. चोवीस वर्सांत पहिल्यांदा वाचन झोप लागायच्या आत संपलं!

भारतीला फोन करायचा, तर गावात एसटीडी एकच, तो गोरक्षचा. काचेच्या पलीकडं बसून तो सगळं ऐकनार. भजी बांधायचं वाक्य बोललेला मानूस तिथं उभा राहून कसा सांगनार, की बायकूनं पुस्तक घासलं? त्यानं पोस्टकार्ड टाकलं, ‘अडचनीत हाय. लवकर ये.’

मंगळवारी पुन्हा त्याच बारा ओळी. “काल नीट कळलं नसंल,” म्हनला. बुधवारी पुन्हा त्याच. आता मात्र विहारात चुळबूळ सुरू झाली. लसूण सोलायचं थांबलं. रंगनाथ तर टक्क जागा! वाचन झाल्यावर तो रंभाजीला कोपऱ्यात घिऊन गेला.

“रंभाजी, तुला कुनी सांगितलं?”

“काय?”

“उगं भोळा हू नको! तीन दिस झालं, सारखं माझ्याकडंच बघून वाचतोयस. कडूबाईची पहार माझ्याकडं हाय, सहा वर्सं झाली. उद्या दीतो. पन पुढचं पान वाच आता, हात जोडतो!”

रंगनाथनं पहार परत केली, आन् गावात वात पेटली. जो तो म्हनायचा, रंभाजी मलाच बोलतोय! कडूबाईला आपल्या नवऱ्यानं शेजाऱ्याकडनं मागून आनलेली शिडी आठवली. बनुबाई नऊ वर्सांनी शेजारनीचा वरवंटा घिऊन आली. पाटा केव्हाच फुटला हुता, तरी शेजारीन वरवंट्याला कवटाळून रडली! फक्रुद्दीनभाईच्या घरापत्तोर विहारावरच्या भोंग्याचा आवाज जायचा. तो पाना घिऊन आला. “रंभाजीभाऊ, टेम्पोच्या दुरुस्तीला ह्यो पाना तुमच्याकडनं नेला हुता. चार दिवस घास गोड लागंना.” सुक्करवारी विहाराच्या पायऱ्यांवर चपला कमी आन् भांडी जास्ती!

सगळ्यांत शेवटी गोरक्ष आला, काखेत सतरंजी. विहाराची सतरंजी त्यानं बूथमधी अंथरली हुती.

“मामा, सरळ नाव घिऊन बोलायचं हुतं. असं रोज भोंग्यावरनं चिमटं काढायचं म्हंजे...!” डोळ्यात पानी पोराच्या. “पन खरं सांगू? अशी एकच गोष्ट धरून बसनं मला जमलं नसतं. मी आपला वाचत सुटलो असतो. तुमीच वाचा.”

रंभाजीनं सतरंजी घिऊन घडी घातली. आत नुसतं ‘ठठठठ’ हुत हुतं.

रविवारी भारती धावत-पळत आली. कार्ड वाचून तिला वाटलं, मामा आजारी! बघते तर मामा खुर्चीवर, विहार गच्च भरलेला, बाहेर बाया उभ्या, आन् सगळी तोंडपाठ म्हनत्यात, “‘अशी वस्तू घरात पाहुणी म्हणून येते...’” भारतीला कळंना, आपन टाईप केलेलं बाकीचं पुस्तक गेलं कुठं!

बारा ओळी सरल्या, आन् मागनं गोजरबाई उठली. सत्तरीची म्हातारी, लिहिता-वाचता येत न्हाई, पन चोवीस वर्सं एक दिस चुकवला न्हाई.

“रंभाजी, आरं समद्यांचं समदं परत आलं. माझं कवा देतूस?”

“तुझं काय हाय माझ्याकडं, गोजरमावशी?”

म्हातारीनं काठीनं दावलं. कम्प्युटरशेजारी पांढऱ्या फडक्यात बांधलेलं, खाकी कव्हरचं, जुनं पुस्तक. तेच ते!

“माझ्या मालकाचं हाय त्ये. दोन दिसाच्या बोलीवर नेलंतंस. त्याच पंधरवड्यात मालक गेलं. मी म्हनलं, र्‍हाऊ दी. तू वाचायचास तवा वाटायचं, घरधनीच बोलतोय. म्हनून कदी मागितलं न्हाई. पन तूच आठ दिस झालं बोंबलतोयस, परत करा, परत करा!”

गोजरबाईच्या मालकांनी, सोनाजीबापूंनीच, रंभाजीला वाचायचा नाद लावला हुता. खरंच दोन दिसांसाठी नेलं हुतं. ज्याच्या जिवावर गावात मान मिळाला, ते पुस्तकच मागून आनलेलं!

तो उठला, फडकं सोडलं, पुस्तक दोन्ही हातांनी म्हातारीच्या पदरात ठिवलं, आन् सगळं वकून टाकलं. नेलपॉलिश, राख, नारळाची शेंडी, ‘ठठठठ’, समदं! “मला पान उलटता येत न्हाई, मंडळी. म्हनून तेच वाचत हुतो. मी कुनाला चिमटा काढला न्हाई. मला माफ करा. वाचन गोरक्षनं करावं.”

मंग रंगनाथ म्हनला, “म्हंजे पहार मी उगीच दिली?”

आन् असा हशा उठला, की पिंपळावरची पाखरं उडाली! हसता हसता गोजरबाईनं डोळं पुसलं.

“चोवीस वर्सं ऐकतीया मी, पन मालकाच्या पुस्तकात काय हाय ते ह्या आठ दिसांत कळलं. तूच वाच. पन बारा ओळीच वाच! वीस पानं वाचलीस तर काठी घालीन.”

गोरक्ष पहिला ओरडला, “मंजूर!” भारतीनं पर्समधनं बाटली काढून ते बटन पुन्हा लाल केलं. विमलबाईनं लांबनंच हात जोडलं.

रंभाजीनं भाचीच्या डोक्यावर हात ठिवला. “पोरी, तू डोळं दिलंस. आन् वर थांबाय शिकवलंस.”

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं! पन गोजरबाईनं पुस्तक उघडून भारतीपुढं धरलं. “बाय, ह्यांचं नाव लिवलंय का गं आत?”

जुनं खाकी कव्हर सुटलं हुतं. आत एक जांभळा शिक्का. भारतीनं वाचला, तालुक्याच्या वाचनालयाचा! खाली तारीख, ‘३ मे १९७१ पर्यंत परत करावे.’

“आगं बया!” म्हातारी खालीच बसली. “आमच्या मालकांनीबी...?”

दुसऱ्या दिशी पहिल्या एसटीनं रंभाजी आन् गोजरबाई वाचनालयात हजर. तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपालानं जुनी वही झटकली, सोनाजीबापूंचं नाव काढलं, आन् चष्मा वर केला. “वा! एक पुस्तक परत आलं, आभारी आहे. पण ह्यांच्या नावावर अजून तीन दिसतात. जाडच आहेत.”

गोजरबाई हळूच रंभाजीकडं वळली. “व्हय रं, त्या दिशी तू एकच नेलं हुतंस का चार?”

रंभाजी छताकडं बघाय लागला.

ती तीन बी परत गेली. तवापासनं कम्प्युटरचा डबा टेबलावर पार खाली बसलाय, आन् रंभाजी रोज दिवेलागणीला मान वाकवून, पार नमस्कार घातल्यावानी, बारा ओळी वाचतोय. मानसं म्हनत्यात, बघा, केवढा नम्र झालाय!