ठरावबुवा आणि पाचवीचा वर्ग

माझा बाप मोट हाकायचा आणि आई वांग्या-मेथीची पाटी डोक्यावर घेऊन रिसोडच्या बाजारात बसायची. पाटी विकली गेली तर बरं, नाही तर रात्री आम्हीच ती सुकलेली मेथी खायची. रिसोडची शाळा चौथीपर्यंत. पाचवीसाठी वाशीम गाठायचं, तर तिथं पोराला भाकर घालणारं कोण? त्यामुळे आमच्या माळ्यांत चौथी पास झालेलं पोरगं दुसऱ्या दिवशी मोटेवर हजर असे. मी तेव्हा चौथीत होतो.

शेजारच्या मळ्यात गोविंदबुवा एकटेच राहत. त्यांच्याकडे ठरावाशिवाय पान हलत नसे. कांदा लावायचा की लसूण, एवढ्यासाठी ते आम्हा सगळ्यांना बांधावर गोळा करत.

"सूचना माही. अनुमोदन कोनाचं?"

कोणी तरी कंटाळून हात वर करी.

"इरोध कोनाचा? नाही? मंजूर!" असं ओरडून मगच बुवा कुदळ उचलत.

एकदा त्यांचा बैल चिखलात रुतला. माझा बाप दोर घेऊन धावला, तर बुवा तिथंही सभा भरवायला लागले.

"अवो बुवा, बैल फसून राह्यला अन् तुमी अनुमोदन कायले मांगता?"

"एकट्याच्या हुकमानं काढला तं ते राजेशाही झाली, बावा!"

बैलाला राजेशाहीचं वावडं नव्हतं. तो आपला आपणच उठून गोठ्यात गेला.

हे वेड त्यांना एका इंग्रज साहेबानं लावलं. साहेब डिप्टी कमिशनर. दौऱ्यावर आला, आमराईत तंबू पडला, आणि आमचे माळी पाचवीच्या वर्गाचा अर्ज घेऊन गेले. साहेबानं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "मला अर्ज देऊ नका. बोर्डात तुमचा मेंबर पाठवा. तो ठराव मांडेल. काम झालं नाही तर त्याला शिव्या द्या." मग कारकुनाकडून सभेची सगळी रीत समजावून दिली. बाकीचे हसत परतले. बुवा मात्र ती रीत तोंडपाठ करून आले.

पुढे लोकल बोर्डाच्या निवडणुकीत रिसोडच्या टवाळांनी बुवांना गंमत म्हणून उभं केलं. गंमत म्हणूनच लोकांनी मतं दिली. बुवा निवडून आले आणि गंमत तिथंच संपली. दर बैठकीला ते वाशीमला जात आणि पाचवीचा ठराव मांडत. तो दर वेळी पुढं ढकलला जाई. आई म्हणे, "बुवा, पोट्टं यंदा चौथी होते. औंदा नाही झालं तं मोट हाय."

त्या वर्षीच्या शेवटच्या बैठकीला बाप बुवांबरोबर गेला होता. खोलीच्या दारातून त्यानं सगळं पाहिलं. आधीचा साहेब बदलून गेला होता. खुर्चीत नवा, घाईचा साहेब. तो म्हणाला, "रिसोडला पाचवीची गरज नाही. त्या पैशात जनावरांचा कोंडवाडा होईल."

"हाव जी, हाव जी," सगळे मेंबर एका सुरात म्हणाले.

बुवा उभे राहिले. "सायेब, सूचना तुमची. अनुमोदन कोनाचं?"

एका सुरात 'हाव जी' म्हणणं सोपं होतं. एकट्यानं उठून, आपलं नाव लिहून देऊन, पोरांच्या शाळेऐवजी कोंडवाडा मागायचा, हे कोणाला जमेना. जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला.

"अनुमोदन नाही तं सूचना पडली," बुवा म्हणाले. "हे रीत तुमच्याच सायबानं शिकवली, जी. आता माही सूचना घ्या. पाचवीचा वर्ग."

बुवांची सगळ्यांत जास्त टिंगल करणारे एक म्हातारे देशमुख होते. तेच हात वर करून म्हणाले, "माह्यं अनुमोदन लिहा. या मान्सानं तीन साल डोस्कं खाल्लं. पाचवी झाली तं गप तं बसन!"

हशा पिकला. हात एकामागून एक वर गेले. साहेबानं ते दोनदा मोजले आणि सही केली.

गाडी गावात शिरली तेव्हा बाप गाडीतच उभा राहून "मंजूर! मंजूर!" ओरडत होता. आईनं बुवांना ओवाळलं. कोणी तरी म्हणालं, "सायबाची किरपा!" बुवा उखडले, "बी सायबानं देल्लं, पन पानी कोनं घातलं बे?"

वर्ग उघडला त्या दिवशी नाव घालायला आमची रांग लागली होती. शेवटी बुवा उभे. पटका नवा.

"मास्तर, एक नाव लिहा. सखाराम गोविंद."

मास्तरांनी वय विचारलं.

"अठ्ठावीस. अकोल्याले कापसाच्या जिनात हमाली करते. चौथीत पयला आला होता, जी. पुढं वर्गच नोयता. तो येनार नाही. नुसतं नाव राहू द्या."

मास्तरांची लेखणी थांबली. "बुवा, नियमात बसत नाही."

मला वाटलं आता बुवा सभा भरवतील. त्यांनी नुसती मान हलवली. "नियमात नाही तं नाही," म्हणाले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मळ्याकडे चालते झाले.

त्या साली रिसोडच्या पाचवीत आम्ही एकवीस पोरं बसलो. त्यातली नऊ माळ्यांची होती. मी पुढे नागपूरला जाऊन बी. ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला.