सासऱ्यांच्या गाडीचे काळेभोर टायर

वस्तू चकचकीत करण्यात आमच्या अख्ख्या गोतावळ्यात माझा हात धरणारं कोणी नाही! हे मी नाही, लोक म्हणतात. म्हणजे म्हणाले असते, पण त्यांना वेळ नसतो. आमच्या घरची स्टीलची परात बघा, तिच्यात बघून दाढी करता येते. मी एकदा केलीही होती. त्यावर बायको जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यामुळे सासऱ्यांनी जेव्हा जाहीर केलं, "गुडघ्याने दगा दिलाय, आता गाडी एका जावयाला देऊन टाकतो," तेव्हा मी मनातल्या मनात ती आमच्या दारात उभीसुद्धा केली. जावई दोनच. एक मी आणि दुसरे माझे साडू, म्हणजे बायकोच्या ताईचे यजमान. अट एकच होती. दोघांनी गाडी आठ-आठ दिवस सांभाळायची आणि जो ती जास्त जिवापाड सांभाळेल, त्याची गाडी!

हसू नका, पण मला ती गाडी मनापासून हवी होती. आमच्या स्कूटरवर पुढे मुलगी, मध्ये मी, मागे बायको आणि बायकोच्या मांडीवर आठवड्याची भाजी. खड्डा आला की आधी टोमॅटो उतरतात.

पहिली पाळी साडूंची झाली. साडू म्हणजे रुमालाची घडी न मोडता नाक पुसणारा माणूस! त्यांनी गाडी आतून अशी साफ करून आणली, की सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, अगदी दवाखान्यासारखी केलीत हो!"

माझं धाबं दणाणलं. आता माझ्यासाठी काय शिल्लक ठेवलं या माणसाने? मी गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि चौथीला मला दिसलं. टायर! बिचारे राखेसारखे करडे पडले होते. साडूंची नजर वर वरच, जमिनीकडे बघायची सवयच नाही!

मी तडक दुकान गाठलं.

"टायरला लावायची पॉलिश द्या."

"पाण्याची देऊ की तेलाची?" दुकानदाराने विचारलं.

"फरक काय?"

"पाण्याची लावली की टायर नुसता नव्यासारखा काळा दिसतो. तेलाची जास्त चमकते. पण चिकट राहते हां, धूळ धरते."

"सासरे बघणार आहेत," मी म्हणालो.

"मग तेलाचीच घ्या!" तो म्हणाला आणि त्याने सरळ मोठी बाटली काढली.

रविवारी सकाळी मी आणि बायको गाडी घेऊन सासरी पोचलो. सासरे फिरायला गेले होते. सासूबाईंनी जुनी गादी उसवून कापूस अंगणात चादरीवर उन्हाला घातला होता आणि काठीने तो झोडपत होत्या. मी गाडी कापसापासून चांगली लांब लावली आणि बाह्या सरसावल्या.

बायकोने बाटली उलटीपालटी करून वाचली. "अहो, यावर लिहिलंय, थोडं लावा आणि जास्तीचं कोरड्या फडक्याने पुसून घ्या."

"लावायचं आणि पुसायचं? मग लावायचं कशाला?"

"कंपनीला कळत नसेल, तुम्हाला कळतंय!"

"तेच तर!" मी म्हणालो. ती टोमणा मारत होती हे मला दुपारी कळलं.

मी हात सैल सोडला. एक थर, दोन थर, तिसरा प्रेमाचा. काय झळकले हो टायर! एवढं बघून माणूस थांबेल का? बाटलीत अजून पुष्कळ होतं. मी दार उघडलं. आत रबराची पावलं होती, म्हणजे क्लच, ब्रेक वगैरे. त्यांना लावलं. सीटचं काळं रेक्झिन होतं, त्यालाही लावलं. स्टिअरिंग तरी उपाशी का राहील?

"अहो, पुरे!" बायको ओरडली. "माझी पर्स काळी आहे, ती मी आत ठेवून येते!"

तेवढ्यात फाटक वाजलं. सासरे आले. मी कंबरेवर हात ठेवून गाडीशेजारी असा उभा राहिलो, जणू मीच तिला जन्म दिलाय.

सासरे टायरांपाशी वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं गुडघा अडकला.

"जावईबापू, हे काय लावलंत?"

"पॉलिश, बाबा!"

"टायर काय बूट आहे?"

"बाबा, आत बसून तर बघा!" मी दार उघडलं.

सासरे बसले. त्यांनी गाडी सुरू केली, क्लच दाबून गिअर टाकला, आणि मला म्हणाले, "आवाज तर..."

पुढचं वाक्य खालून आलं. सीटवरून ते असे सुळकन घसरले, की काचेतून फक्त टक्कल दिसत होतं! त्यांनी स्टिअरिंग धरायला हात घातला, तर तेही साबणासारखं निसटलं. क्लचवरचा पाय सटकला. गाडीने गचका खाऊन उडी मारली आणि निघाली ती थेट कापसाच्या दिशेने!

"अगं बाई!" सासूबाई काठी टाकून जाईच्या मांडवाखाली पळाल्या. गाडी कापसाच्या ढिगात छातीपर्यंत घुसली आणि फुसकन बंद पडली. पुढचा मिनिटभर आम्ही कोणी एकमेकांना दिसलोच नाही. नुसता कापूस!

कापूस खाली बसला, तेव्हा फाटकात साडू आणि ताई उभे होते. साडूंनी आधी रुमाल काढून आपला खांदा झटकला. मग गाडीकडे बघितलं. चारही टायरांवर थरच्या थर कापूस चिकटला होता.

"वा! मेंढ्या कधी पाळल्या?" साडू म्हणाले.

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. गेली गाडी! पुढच्या भाजीला पुन्हा टोमॅटो रस्त्यावर! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातही कापूस चिकटला.

दार उघडून सासरे बाहेर आले. पांढऱ्या भुवया दुप्पट झाल्या होत्या, पण लागलं कुठेच नव्हतं.

"तुम्हाला गाडी नाही!" ते माझ्यावर गरजले.

साडूंनी हळूच शर्टाची कॉलर सारखी केली.

"आणि तुम्हालाही नाही!"

"मी काय केलं, बाबा?"

"दवाखाना केलात माझ्या गाडीचा! खणातली पेपरमिंटची डबी कुठाय?"

"ती... गंजली होती. टाकली."

"टाकली! ऐका सगळ्यांनी! असल्या माणसांच्या हातात मी गाडी देऊ? मुळीच नाही. गाडी इथेच राहील. मीच चालवीन!"

"अहो, आणि गुडघा?" सासूबाई मांडवातून म्हणाल्या.

"गुडघा बराय आता!" सासरे ताडताड गाडीभोवती फिरले. आवाज रागाचा होता, पण चेहरा बघाल तर शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखा!

"बघितलंत?" बायको माझ्या कानात कुजबुजली. "बाबांना गाडी द्यायचीच नव्हती. नुसते कारण शोधत होते. तुम्ही अगदी हातात आणून दिलंत."

आम्ही दोघे जावई उकिडवे बसून टायरांवरचा कापूस वेचायला लागलो. साडू एकेक तंतू चिमटीत धरून काढत होते, जणू भुवया कोरताहेत. ते बघून मला तेवढ्यातही जरा बरं वाटलं. हरलो तर हरलो, दोघं बरोबरीने हरलो!

एवढ्यात माझ्यावर सावली पडली. सासरे. त्यांनी सासूबाई ऐकत नाहीत ना, ते मागे वळून पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"जावईबापू, ती बाटली. उरलंय का काही?"

"अर्धी आहे, बाबा."

"आणा इकडे." बाटली खिशात घालताना ते आणखी हळू म्हणाले, "हे मागचं डावं चाक जरा फिकं राहिलंय तुमचं."