बोक्याला हार्टब्रोकन

कोलशेतच्या 'खाडीदर्शन' सोसायटीत कुणी गेलं की आधी डॉक्टर यायचे, मग नातेवाईक आणि मग हरिहर कर्णिकांचा मेसेज. अकरा वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. "ग्रुपवर आल्याशिवाय माणूस ऑफिशियली गेला असं म्हणता येत नाही," असं कर्णिक म्हणायचे, आणि ते विनोदानं म्हणत नव्हते.

कर्णिक सोसायटीचे सेक्रेटरी. लिफ्ट दर महिन्याला बंद पडायची, गच्ची दर वर्षी गळायची, पण कर्णिक दर वेळी निवडून यायचे ते इंग्रजीच्या जोरावर. उभा जन्म एका कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात गेलेला. त्यातही त्यांचा हातखंडा दुःखात. इंग्रजीत दुःखाला शब्द किती आणि त्यातला कुठला कुणापुढे ठेवायचा, हे त्यांना घरातल्या कपबश्यांसारखं पाठ होतं. 'सॉरी' म्हणजे स्टीलचा पेला. पाणी येणार नाही, पार्किंगला रंग देणार, असल्या कामांचा. 'सॅड' म्हणजे रोजचा कप. 'सॅडन्ड' म्हणजे बशीसकट कप. 'डीपली सॅडन्ड' कमिटीवाल्यांच्या घरच्यांना. 'ग्लूमी' फक्त हवेसाठी. 'मेलँकली' त्यांनी स्वतःकरता ठेवून घेतला होता, रविवारी संध्याकाळी वापरायला. आणि 'हार्टब्रोकन' हा शोकेसमधला सोनेरी काठाचा सेट. तो अजून खाली काढलाच नव्हता.

तो काढला बोक्यासाठी.

बोका आसावरी मॅडमचा, नाव प्रिन्स. आसावरी मॅडम सोसायटीच्या चेअरमन, आणि बी विंग त्यांना विचारल्याशिवाय खिडकीचा पडदासुद्धा बदलत नसे. कमिटीची निवडणूक पुढच्या रविवारी. कर्णिकांनी मनात बेरीज-वजाबाकी केली आणि ग्रुपवर इंग्रजीत जाहीर केलं की प्रिन्सच्या जाण्यानं अवघी सोसायटी हार्टब्रोकन झाली आहे.

सुमतीबाईंनी मेसेज वाचून चष्मा काढला. "अहो, माझे बाबा गेले तेव्हा तुम्ही काय लिहिलेलं?"

"डीपली सॅडन्ड."

"आणि बोक्याला हार्टब्रोकन."

"अगं, पण बाबांच्या वेळी 'डीपली' घातलं होतं ना."

"हो. आणि तेव्हा निवडणूक नव्हती."

कर्णिकांनी यावर पेपर उघडला. नवऱ्यांना पेपरचा तेवढा एक उपयोग अजून आहे.

चौथ्या दिवशी तळमजल्यावरचे गोमाजी आबा तांडेल गेले. नव्वदी ओलांडलेले. सोसायटी उभी राहिली ती त्यांच्याच जागेवर, त्यामुळे ए विंगमध्ये दर चार दारांनंतर पाचवं दार तांडेलांचं. पण मतांचं सोडा, कर्णिकांचा आबांवर खरंच जीव होता. रोज संध्याकाळी दोघं गेटजवळच्या बाकावर. आबा सांगायचे की मासळी ताजी आहे की नाही हे कल्ल्यावरून कसं ओळखायचं, कर्णिक सांगायचे की 'सॅड' आणि 'सॉरो' यांत फरक काय. दोघंही एकमेकांचं ऐकत नसत, म्हणून मैत्री टिकली होती.

कर्णिक फोन हातात घेऊन बसले आणि पहिल्यांदाच त्यांचं कपाट रिकामं निघालं. 'हार्टब्रोकन' बोक्याला दिलेला. तोच उष्टा कप आबांपुढे ठेवायचा? त्याच्या वर 'डेव्हस्टेटेड', पण तो भूकंपाला शोभतो. शेवटी त्यांनी ठरवलं की मोठ्या माणसाचं दुःख संयमानं सांगावं, तीच खरी साहेबी रीत. आणि लिहिलं, 'सॅडन्ड'. बस्स, एकच शब्द. आपल्या संयमाचं त्यांना स्वतःलाच इतकं कौतुक वाटलं की त्यांनी तो मेसेज दोनदा वाचला.

दहा मिनिटांनी आबांच्या नातीनं, मेघालीनं, दोन्ही मेसेज एकाखाली एक चिकटवून ग्रुपवर टाकले. वर बोका, खाली आबा. बाकी एक अक्षर लिहिलं नाही.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या केदारनं तोंड उघडलं. 'काका, विषय निघालाच आहे म्हणून. माझ्या आईला तुम्ही "वी रिग्रेट" दिलेलं. रिग्रेट तर टँकर उशिरा आला तरी होतं.' पाठोपाठ घराघरांतून जुने मेसेज वर यायला लागले. कुणाच्या आत्याला नुसतं 'सॅड'. कुणाच्या सासऱ्याला 'अनफॉर्च्युनेट'. ज्या सुनेनं सासरे असताना त्यांना चहा गरम दिला नव्हता, तीसुद्धा आता त्यांच्या शब्दासाठी भांडत होती.

कर्णिक डगमगले नाहीत. पत्रव्यवहार खात्याचा माणूस. चूक झाली की शुद्धिपत्रक. त्यांनी तत्काळ कळवलं: 'सॅडन्डच्या जागी डेव्हस्टेटेड असं वाचावं.'

त्याखाली आसावरी मॅडमचा मेसेज आला. 'म्हणजे प्रिन्सचं दुःख आता दोन नंबरचं का?'

कर्णिकांनी प्रिन्सला 'इनकन्सोलेबल'वर चढवलं. मग केदारची आई बोक्याच्या खाली राहिली, म्हणून तिला 'शॅटर्ड' दिलं, मागील तारखेपासून. मग आत्या. मग सासरे. संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या सगळ्या दिवंगतांना वेतन आयोग लागू झाला होता. त्यात पाणी बंदची सूचना टाकायची राहिली होती. ती त्यांनी 'सॉरी' न घालता कोरडीच टाकली, न जाणो तेवढ्यावरून कुणाचे आजोबा उठायचे. तर लगेच प्रश्न आला, 'काका, पाण्याचं काहीच दुःख नाही?'

"अहो, फोन ठेवा तो," सुमतीबाई म्हणाल्या. "तळमजल्यावर जाऊन या. अजून गेला नाहीत तुम्ही."

"मेसेज टाकला ना."

"दोन टाकलेत. म्हणूनच जा."

कर्णिक जिन्यानं उतरले, लिफ्ट बंद होती. उतरताना दोन-चार भारदस्त इंग्रजी वाक्यं त्यांनी जुळवली. तांडेलांच्या घरात आबांच्या पत्नी भागीरथीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारी मेघाली. मेघालीनं खुर्ची पुढे केली, पण बघितलं दुसरीकडे.

"ये हरिभाऊ, बस," भागीरथीबाई म्हणाल्या. "त्या बोक्याचं काय लिवलावतंस, पोरीनं सांगितलं मना."

जिन्यात जुळवलेलं एकही इंग्रजी वाक्य कर्णिकांच्या कामाचं नव्हतं. "वहिनी, ते जरा..."

"बराबर लिवलंस."

मेघालीनंसुद्धा मान वळवली.

"म्हातारा रोज त्या बोक्याला मांदेलीची मुंडकी घालायचा. त्या मॅडमबायला ठाव नाय, ती त्याला डब्यातलं खाणं घालते. बोका गेला तवा म्हातारा दोन दिस धड जेवला नाय. तुजा मेसेज पोरीकडना वाचून घेतला, तिला अर्थ इचारला. बोल्ला, हरिहरला बराबर समजलं." भागीरथीबाईंनी मान वर केली. "मंग म्हाताऱ्याच्या वख्ताला काय झालं? शब्द सरले तुजे?"

कर्णिकांना एकदम बाक आठवला. मघाशी ते सवयीनं गेटपर्यंत जाऊन तसेच परत आले होते.

"बाकावर बसवत नाही हो, वहिनी," ते म्हणाले. "आबा नाहीत तर करमतच नाही."

"मंग ह्याच लिव ना."

त्यांनी तिथंच बसून लिहिलं, मराठीत. अकरा वर्षांत प्रथमच. 'आबा नाहीत. बाकावर करमत नाही. हरिहर.' ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. आसावरी मॅडमनी काही मागितलं नाही. केदारनं आईबद्दलची तक्रार पुसून टाकली. मेघालीनं चहा आणला, रोजच्याच कपातून. कर्णिक जिना चढले ते जवळजवळ गुणगुणतच. निवडणूक खिशात होती.

रविवारी सभा भरली. सेक्रेटरीपदासाठी दर वेळेप्रमाणे एकच नाव. तेवढ्यात मेघाली उभी राहिली.

"काका, तुमचा आबांवरचा मेसेज बेस्ट होता."

कर्णिकांनी नम्रपणे मान लववली.

"मला पहिल्यांदाच तुमचा मेसेज डिक्शनरी न बघता कळला."

मान आणखी लवली.

"पण मग तसं तर मीपण लिहू शकते ना?"

सभेनं यावर विचार केला, आणि कर्णिकांच्या लक्षात आलं की सभेनं विचार करणं आपल्याला परवडणारं नव्हतं. केदारनं अनुमोदन दिलं. पाठीमागून कुणीतरी विचारलं, "आणि लिफ्टचं काय?" अकरा वर्षं इंग्रजीमागे उभी असलेली बंद लिफ्ट अचानक सगळ्यांना दिसली. हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही. बी विंगचे हात आसावरी मॅडमच्या हातापाठोपाठ गेले, आणि मॅडमचा हात मेघालीच्या बाजूनं होता. प्रिन्सला मांदेलीची मुंडकी कुठून मिळायची आणि त्याच्यासाठी कोण दोन दिवस धड जेवलं नव्हतं, ते मेघालीनं त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं.

संध्याकाळी कर्णिक बाल्कनीत बसले होते. रविवारच होता, 'मेलँकली' वापरायला हरकत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. नव्या सेक्रेटरीचा पहिला मेसेज. चष्मा आत राहिलेला, म्हणून त्यांनी फोन सुमतीबाईंकडे दिला. अकरा वर्षं त्यांनी सगळ्यांना शब्द दिले होते. आज आपल्या वाट्याला कुठला सेट येतो, याची त्यांना जरा धाकधूक होती.

"वाच. शोकेसमधला आहे का बघ."

"'हरिहरकाका आजपासून सेक्रेटरी नाहीत. फीलिंग सॅड,'" सुमतीबाईंनी वाचलं.

"नुसतं सॅड?" कर्णिक म्हणाले. "अकरा वर्षांनंतर? 'डीपली' नाही, निदान 'व्हेरी' तरी?"

"व्हेरी आहे की," सुमतीबाई म्हणाल्या. "पुढच्या ओळीत. उद्या टाकी धुणार आहेत, दिवसभर पाणी नाही. फीलिंग व्हेरी सॅड."