पाणथळ शेवयांचे संवर्धन

नांदगाव खंडेश्वरजवळ माणिकबाईंच्या भाजीवाडीला लागून एक पाणथळ जागा होती आणि तिथे एक दुर्मीळ शेवाळ वाढत होतं. अमरावतीच्या कॉलेजातल्या प्राजक्ता मॅडमनी ते भिंगातून पाहिलं आणि आनंदाने चिखलातच बसकण मारली.

"मावशी, हे साऱ्या जिल्ह्यात फक्त तुमच्याकडे आहे! पण एकदा सुकलं की संपलं."

माणिकबाईंनी त्या दिवसापासून तिकडे म्हैससुद्धा फिरकू दिली नाही.

संरक्षण मिळावं म्हणून मॅडमनी अर्ज केला आणि सरकारने साहेब पाठवला. साहेब पुण्याचे, नवेच. बूट भरतील म्हणून ते बांधावरच उभे राहिले.

"स्थानिक नाव?"

"शेवाय," माणिकबाई म्हणाल्या.

आता आम्हा वऱ्हाडी माणसांचं 'ळ'शी जुनं वाकडं. आम्ही डोळ्याचा डोया करतो, केळीची केयी करतो आणि सुखाने जगतो. साहेबांनी मात्र ते शुद्ध करून लिहिलं: शेवया.

वरून आदेश आला. 'सदर शेवया पाणथळ जागी असल्याचे निदर्शनास आले आहे. ओलाव्याने शेवया बुरसतात. सबब त्या तातडीने वाळवून संवर्धित कराव्यात.'

लगेच पंप लागले, पाणी उपसलं गेलं. शेवाळ खरवडून वैशाखाच्या उन्हात खाटांवर धोतरं अंथरून पसरलं. कावळे हाकलायला शिपाई बसवले.

"अवो साहेब, काहून मारून राहिले त्याले? शेवाय हाय थे, शेवाय!"

"तेच लिहिलंय बाई."

प्राजक्ता मॅडम धावत आल्या. रडवेल्या होऊन त्यांनी शास्त्रीय नाव सांगितलं. साहेब गंभीर झाले. "हा कंपनीचा ब्रँड दिसतो. सरकारी कामात ब्रँडचं नाव घेता येत नाही."

एकही शेवई बुरसली नाही. मोहीम शंभर टक्के यशस्वी ठरली आणि वाळका चुरा सीलबंद बरणीत गेला. मग मंडप, हार, भाषणं आणि अकोल्याच्या आचाऱ्याची शेवयांची खीर, वरून चारोळी. मॅडमनी माइक धरला. "या वनस्पतीचं नाव..."

"नाव राहू द्या हो, खीर निवते!" पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. मंडप हसून लोटपोट झाला.

मॅडम खाली बसल्या. माणिकबाईंनी त्यांचा हात धरला. "मले सांग पोरी, काय नाव होतं त्याचं? इथं तं कोणीच इचारलं नाही."

वाचकहो, तुम्ही तरी कुठे विचारलंत? असो. खीर घ्या, गोड झालीय.