वाकड्या मॉनिटरची नवलाई

एका जंगलात, बालमित्रांनो, नेटवर्क उत्तम होतं आणि पाणी कमी होतं.

उन्हाळ्यात सगळे ओढे आटायचे. उरायचा तो सीमेवरचा एक डोह. त्या डोहासाठी हे जंगल आणि पलीकडचं जंगल दरवर्षी एकमेकांचे कान-शेपट्या तोडायची. शेवटी जाणत्या प्राण्यांनी तोडगा काढला. रक्त सांडायचं नाही, गेम खेळायचा. जिंकेल त्याचा डोह. हरेल त्याने उन्हाळाभर डोंगरापलीकडच्या नदीवर पाण्याला जायचं.

आपल्या जंगलातर्फे भिवा मुंगूस खेळायचा. गेम सापांचा होता. साप डावीकडून यायचे, उजवीकडून यायचे, आणि खेळणाऱ्याने त्यांना वेळेत धरायचं. भिवाचा हात चपळ होता, पण मॉनिटर जुना, चौकोनी आणि एवढासा होता. कडेने आलेला साप दिसेपर्यंत तो डसलेला असायचा. गेल्या वर्षी ते असेच हरले. भिवाची म्हातारी आई रोज डोंगर चढून पाण्याला गेली आणि उन्हाळा संपता संपता तिचे गुडघे कायमचे गेले. यंदा हरलो तर आईचं कसं होणार, या विचाराने भिवाला अन्न गोड लागत नव्हतं.

त्याने पुष्कळ शोधाशोध केली. शेवटी एक मॉनिटर त्याच्या मनात भरला. चांगला ऐसपैस रुंद, आणि दोन्ही कडा खेळणाऱ्याकडे वळलेल्या. कडेचा साप त्यात आधीच दिसायचा. शिवाय बेताच्या किमतीतला, भिवाच्या जुन्या कॉम्प्युटरला झेपेल असा. तो वर्गणीतून घ्यावा म्हणून भिवा जंगल विकास मंडळाकडे गेला.

आता मंडळ म्हटलं की सभा आली आणि सभा म्हटली की चहा आला. दुसऱ्यांदा चहा झाल्यावर अध्यक्ष बापूसाहेब अस्वल म्हणाले, "मॉनिटर घ्यायचाच. पण परवडणारा घ्यायचा."

"बापूसाहेब, परवडणाराच आहे हा."

"असं तू म्हणतोस. परवडतो की नाही ते मंडळ ठरवेल."

खजिनदार कासवकाकांनी चष्मा पुसला. "यात चित्र सेकंदाला शंभराच्या वर वेळा बदलतं म्हणे. एवढी घाई कुणाला आहे?"

"सापाला, काका."

"साठ वेळा बदललं तरी खूप झालं. आमच्या वेळी चित्र बदलतच नव्हतं. आम्ही मोठे झालोच ना?"

मग काका म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबू. दसऱ्याला म्हणाले, दिवाळीत सेल लागतो. दिवाळीत म्हणाले, संक्रांतीनंतर नवीन मॉडेल येतं, म्हणजे जुन्याचा भाव उतरतो. होळी आली तेव्हा भाव जिथल्या तिथे होता आणि डोह मात्र निम्म्यावर उतरला होता.

तेव्हा कुठे मंडळ कोल्ह्याच्या दुकानात गेलं. बापूसाहेबांनी मॉनिटरला एक प्रदक्षिणा घातली.

"हा वाकलाय," ते म्हणाले.

"मुद्दाम वाकवलेला असतो, साहेब," कोल्हा म्हणाला. "डोळ्यांपासून सगळीकडे सारखं अंतर राहतं."

"वाकला तो वाकला. किती कमी करता?"

"अहो, वाकडा आहे म्हणून तर जास्त पडतो."

"मग आम्हाला सरळाच्या भावात द्या. घरी नेऊन मी हाताने सरळ करून घेईन."

कोल्ह्याने घाईघाईने मॉनिटर आपल्या बाजूला ओढून घेतला. तेवढ्यात कासवकाका म्हणाले, "रुंदी आहे, कबूल. पण उंचीला मार खातो." स्थळ बघायला आल्यासारखे दोघे बोलत होते. नापसंतीही नव्हती आणि होकारही निघत नव्हता. भिवा कोपऱ्यात हात जोडून उभा होता. दुपार कलली, दुसरं गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा अस्वल एकदाचं दुकानाबाहेर जावं म्हणून कोल्ह्याने भाव उतरवला.

भिवाला काय आनंद झाला म्हणून सांगू. खोक्याभोवती उड्या मारत तो मंडळाच्या कचेरीत आला. मॉनिटर टेबलावर चढला. कासवकाकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. भिवाने स्क्रीनवरचं प्लास्टिक काढायला कोपऱ्यात नख घातलं.

"हां हां हां," बापूसाहेब गरजले. "अजून उद्घाटन व्हायचंय. वाघसाहेबांच्या हस्ते."

"निदान सराव करू द्या. प्लास्टिकवरूनच खेळतो."

"वापरलेल्या वस्तूचं कोणी उद्घाटन करतं का? जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

हसू नका, मुलांनो. तुमच्या घरचा टीव्हीचा रिमोट अजून कशात गुंडाळलेला आहे ते आधी बघून या.

वाघसाहेबांना निमंत्रण गेलं. निरोप आला की सध्या हंगाम आहे, साहेब सकाळ-संध्याकाळ पर्यटकांना दर्शन देण्यात गुंतले आहेत, कळवतो. पुन्हा निरोप गेला, पुन्हा 'कळवतो' आलं. भिवा रोज कचेरीत जायचा, नव्या मॉनिटरवरची धूळ फडक्याने पुसायचा आणि जुन्यावर सराव करायचा. असं करता करता सामन्याचा दिवस उजाडला.

"बापूसाहेब, आज तरी," भिवा म्हणाला. "माझी आई डोंगर चढू शकत नाही हो."

"अरे, खेळ स्क्रीनमध्ये नसतो, बोटांत असतो. जुन्यावरच खेळ."

"मग हा आणला कशाला?"

"आपल्या जंगलाकडे असावा म्हणून."

भिवा जुन्या मॉनिटरपुढे बसला. शेजारी नवा मॉनिटर हार घालून उभा होता. पलीकडच्या जंगलाचं साळिंदर गरिबीतलं. त्याने दोन जुने मॉनिटर सुतळीने शेजारी शेजारी बांधून घेतले होते. डावीकडचे साप भिवाने कसेबसे धरले. मग एक उजवीकडून आला. भिवाला तो दिसला तेव्हा गेम संपला होता.

मंडळाची तातडीची सभा झाली. पराभवाबद्दल खेद व्यक्त झाला. पण इतक्या दबावाखालीही कुणी प्लास्टिक काढलं नाही, याबद्दल अध्यक्षांनी सर्वांचं कौतुक केलं. चहाला पाणी नव्हतं, म्हणून सभा लवकर संपली.

दुसऱ्या दिवशी भिवाने आईला पाठीवर घेतलं आणि डोंगराची वाट धरली. ऊन चढत होतं. अर्ध्या चढावर तो दम खायला थांबला. मान वळवून आईकडे बघायचं त्याला धाडस होत नव्हतं.

"भिवा," आई म्हणाली, "नवा मॉनिटर आणला होता ना रे मंडळाने?"

"हो, आई."

"धड आहे ना तो? पडला-बिडला नाही ना गडबडीत?"

"नाही, आई. साधा ओरखडासुद्धा नाही."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि तिने समाधानाने त्याच्या पाठीवर डोकं टेकलं.

तात्पर्य : चांगली वस्तू वापरून खराब करू नये. तहान काय, डोंगर ओलांडला की भागते. ओरखडा मात्र कशानेही भरून निघत नाही.