निखाडे सरांचं आऊटफील्ड

निखाडे सर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत, पायाकडे बघतात. देवळीच्या बसस्टँडसमोर माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटर छातीएवढं उंच. तरी सर त्यावरून ओणवे होतात, पलीकडच्या माझ्या चपला न्याहाळतात आणि मगच म्हणतात, "काय दिनूभाऊ, डावी टाच झिजून राह्यली. वजन एकाच बाजूनं टाकून राह्यले तुमी." मग क्रेप बँडेज मागतात.

माझ्या भाच्याच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला. सगळे फेटा बघत होते. सर म्हणाले, "पोराचा उजवा गुडघा कच्चा हाय. सप्तपदी हळू घ्या लागन." गुरुजींनी खरंच हळू घेतली. जेवणं तासभर लांबली आणि बोलणी मी खाल्ली.

सर इथल्याच एका शाळेत खेळाचे मास्तर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "टाइमच नाई भेटला" एवढंच सांगतात. दोन खोल्यांत राहतात, डबा लावलाय. कधीकाळी कुठल्याशा शिबिराला गेले आणि तिथून बेसबॉल घेऊन आले. आमच्या गावाला तो खेळ अजून नीट कळलेला नाही. माझ्या काकांच्या मते ते बिनस्टंपाचं क्रिकेट आहे आणि मुलींनी खेळण्यात काही अर्थ नाही. सरांनी मात्र अकरा वर्षं मुलींचा संघ चालवला. मी सांगतोय त्या वर्षाआधी चार वेळा जिल्ह्याच्या फायनलला गेले, चारही वेळा हरले. जिंकणारा संघ विभागाला खेळायला जातो. सरांना एकदाच, फक्त एकदा, संघ जिल्ह्याबाहेर न्यायचा होता. ते दर फायनलच्या आधी बॅगेची चेन दुरुस्त करून आणायचे, म्हणून मला ठाऊक.

मी त्या संघाचा मॅनेजर. नेमणूक अशी झाली की बँडेज माझ्याकडे आणि व्हॅनही माझ्याकडे.

सरावाचं मैदान म्हणजे कापसाच्या जिनिंगच्या मागचं पडीत रान. काळी माती. माघ लागला की तिला अशा भेगा पडतात की आख्खा पाय आत जावा. सर रोज सकाळी अनवाणी त्या मैदानावर फिरायचे, तळव्यानं भेग शोधायचे आणि तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, आणि माती दाबून ती बुजवायचे. लोक म्हणायचे, मास्तरांचा नवस आहे.

बेसबॉलमध्ये मैदानाच्या पार मागे तिघी जणी उभ्या असतात. उंच उडालेला बॉल जमिनीवर टेकायच्या आत झेलणं हे त्यांचं काम. त्या आऊटफील्डर. सरांचा सगळा जीव या तिघींवर. "पुढं खेळते तिचं नाव होते," ते म्हणायचे, "मांगं खेळते तिच्यानं घर वाचते." आणि त्यांचा आवडता सिद्धांत असा, की वरून येणारा बॉल म्हणजे पाहुणा. कोणीतरी एकीनं सामोरं जायलाच पाहिजे.

आमच्या मुली तो सिद्धांत जरा जास्तच मनावर घ्यायच्या. बॉल दोघींच्या मधे आला की सेंटरची राणी थांबायची आणि राइटच्या कोमलला म्हणायची, "ताई, तू घे." कोमल म्हणायची, "नाई वो, तू घे." पंगतीत शेवटची पुरी वाढताना चालावा तसा आग्रह चालायचा आणि बॉल दोघींच्या मधोमध जमिनीवर टेकायचा. त्या वर्षीच्या फायनलला आठवडा उरला असताना हे तिसऱ्यांदा झालं, तेव्हा सर भडकले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आता जिले बॉल दिसन तिनं जायाचं! कोनाची वाट नाई पाह्याची! समजलं?"

समजलं. पुढचा बॉल दोघींच्या मधे उडाला आणि दोघीही वर बघत सुसाट धावल्या. कपाळ खांद्यावर आदळल्याचा आवाज मला थेट व्हॅनपर्यंत आला. कोमलचं गळ्याजवळचं हाड मोडलं. राणीच्या भुवईला पाच टाके. दवाखान्यात सर भिंतीला टेकून उभे होते. "म्याच म्हटलं होतं कोनाची वाट पाहू नोका," एवढंच बोलले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

दोन दिवसांनी लेफ्टच्या प्रतीक्षाचा पाय भेगेत गेला. कुंपणाजवळच्या त्या भेगेपर्यंत सर त्या सकाळी पोचले नव्हते, कारण ते राणीचे टाके बघायला गेले होते. पाय प्लास्टरमध्ये.

अकरा मुली होत्या, आठ उरल्या. नऊ असल्याशिवाय मैदानात उतरता येत नाही. आठ घेऊन गेलं की पंच समोरच्या संघाला विजयी ठरवतात आणि आपण घरी येतो.

तेव्हा सरांनी नोंदणीची यादी काढली. त्या यादीवरून आम्ही गावातल्या लोकांनी सरांची खूप थट्टा केली आहे, कारण मुलीचं लग्न झालं, ती गाव सोडून गेली, तरी सर तिचं नाव काढत नसत. त्या दिवशी मात्र मी थट्टा केली नाही. बारावं नाव मनीषाचं होतं. सहा वर्षं सेंटरला खेळलेली. दिवाळीनंतर लग्न होऊन वडनेरला गेली.

सर तिच्या वडिलांकडे गेले. ते अंगणातून उठलेही नाहीत. "पोरगी देल्ली. आता ते त्यायची होय. मी कोन्या तोंडानं मागू?" झालं. मी म्हटलं, सर, तिच्या सासरी फोन लावू. सर माझ्याकडे असं बघायला लागले, जसं काही मी एक्स्पायरीचं औषध दिलंय.

"फोनवर पोरगी मांगतेत का? दारात जा लागते."

पण राणीचे वडील रोज भांडायला येत होते, कोमलला नागपूरला न्यावं लागलं, आणि दारात जायला फायनलचीच सकाळ उजाडली. आठ मुली बसनं वर्ध्याला निघाल्या. आम्ही दोघं सकाळी साडेसातला व्हॅननं वडनेरकडे. मॅच अकराला.  हिंगणघाट येईपर्यंत मी दोनदा घड्याळ पाहिलं, तर सर म्हणाले, "पाहू नोका. पाह्यल्यानं थांबत नाई ते."

घर रस्त्याच्या कडेलाच होतं. सर उतरले, मी गाडी वळवून लावायला पुढे गेलो, त्यात दहा मिनिटं गेली. परत आलो तेव्हा सर पडवीत टेकले होते, हातात चहाचा कप. समोर मनीषाची सासू. ठेंगणी, कडक बाई. मुलगा कापूस घेऊन मार्केटला गेलेला. दारात मनीषा डोक्यावर पदर घेऊन उभी, कडेवर पाण्याची गुंडी. तिच्या तोंडावर होकारही नव्हता, नकारही नव्हता.

"कापसाचा वेचा चालू हाय गुर्जी," सासू म्हणाली. "चार बाया लावल्या. घरची सून खेळाले गेली त बाया काय म्हनतीन?"

"खरं हाय वैनी."

"आन लागलं-गिगलं त? मी आयकलं, तुमच्या तीन पोरी दवाखान्यात हायेत."

मला वाटलं, संपलं. वडनेरपर्यंत ही बातमी आमच्या आधी पोचली होती. सरांनी सारवासारव केली नाही. "हाव. तिघीयले लागलं. दोघीयले माह्या बोलन्यानं लागलं." मग कप खाली ठेवला. "जशी नेतो तशी आनून देतो. दिवेलागनीच्या आंदर."

 मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. साडेनऊ. सरांनी खिशातून बॉल काढला आणि मनीषाकडे टाकला. तिनं गुंडी न हिंदकळवता दुसऱ्या हातानं तो धरला. सासूनं ते पाहिलं. तिला हसू आलं, पण ते तिनं पदराआड नेलं.

"जाय," ती सुनेला म्हणाली. "पन संध्याकायचा सैपाक तुह्याच हातचा."

वर्ध्याच्या मैदानावर आम्ही पावणेअकराला पोचलो. मनीषानं व्हॅनमध्येच साडीवरून पँट-टीशर्टवर येण्याची कसरत केली. आम्ही दोघं बाहेर पाठ करून उभे. पंच नावं मोजत होते. नऊ भरली.

आऊटफील्डला मधे मनीषा, लेफ्टला अश्विनी, राइटला आणखी एक, दोघीही राखीवमधल्या, दोघीही घाबरलेल्या. सर रेषेवर उभे राहून तीन बोटं दाखवत होते. त्याचा अर्थ असा की सेंटरवाली "मी!" ओरडली की बाकीच्यांनी जागेवर थांबायचं. टक्कर झाल्यापासून त्यांनी हे आठही जणींकडून घोकून घेतलं होतं.

मी स्कोअर लिहीत होतो आणि माझ्याच्यानं लिहवत नव्हतं. मनीषानं तीन उंच बॉल घेतले. सातवा डाव, शेवटचा. आमच्या चार धावा, त्यांच्या तीन. दोन आऊट झालेल्या, एक बाकी. पण त्यांच्या दोन मुली दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर पळायच्या तयारीत. एक झेल घेतला की अकरा वर्षांचं काम झालं. सुटला की त्या दोघी पळत होमला, म्हणजे दोन धावा, आणि आम्ही परत देवळीला. रेषेबाहेर राणी पट्टी बांधलेल्या कपाळानं उभी होती, तिनं माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ दिसला.

बॉल उडाला. सेंटर आणि लेफ्टच्या मधे, उंच. मनीषा पहिल्या क्षणालाच निघाली. "मी!" ती ओरडली, मला स्पष्ट ऐकू आलं. पण अश्विनीला आलं नाही. तिला बॉल दिसला होता, आयुष्यात पहिल्यांदा इतका नीट दिसला होता, आणि ती आभाळाकडे बघत जीव तोडून धावत होती. थेट मनीषावर.

राणीनं डोळे मिटले.

"मनीषा, सोड!"

सरांचा आवाज. सहा वर्षं ज्या आवाजावर ती पळाली आणि थांबली, त्या आवाजावर ती थांबली. अश्विनी तिच्यासमोरून वाऱ्यासारखी गेली. हात पुढे केला. बॉल ग्लोव्हच्या टोकाला लागला आणि खाली पडला.

पाच-चार. हरलो.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. रेषेवर उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाला गदागदा हलवावं असं वाटलं. मुली मैदानातच बसल्या. अश्विनी रडत होती. सर तिच्याजवळ गेले, तिला उठवलं, म्हणाले, "तू बराबर पयाली. आवाज माहा होता." मग पंचांशी हात मिळवून आले आणि मला म्हणाले, "चाला, दिवेलागन व्हाची हाय."

व्हॅनमध्ये मनीषा मागे बसली होती, पुन्हा साडीत.  वडनेरला पोचलो तेव्हा ऊन नुकतंच उतरलं होतं. सासू दारातच उभी होती. तिनं सुनेला एकदा वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "जितले?"

"हारलो वैनी."

"मंग जेवून जा. हारलेल्या मान्साले आमी उपाशी नाई धाडत."

सर नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पण ते हातपाय धुऊन पाटावर बसले. मनीषानं चूल पेटवली, भाकरी थापल्या, झुणका केला. सरांनी तीन भाकरी खाल्ल्या. रोजच्या डब्यातली एक पोळी ते परत पाठवतात, हे मला डबेवाल्या बाईनं सांगितलं आहे. निघताना मनीषा त्यांच्या पाया पडली. सर तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, मधेच थांबले, मग ठेवला.

हिंगणघाट मागे पडलं तरी माझा राग गेला नव्हता. शेवटी मी गाडी चालवता चालवता विचारलंच.

"सर, पोरगी बॉलच्या बुडाखाली होती. कदाचित अश्विनी तिच्या बाजूनं निघून गेली असती, कदाचित दोघी वाचल्या असत्या. अकरा वर्षं थांबले तुमी या एका बॉलसाठी. काऊन सोड म्हटलं?"

सर खिडकीबाहेर बघत होते. 

"सकायी तुमी गाडी वयवाले गेलते ना, दिनूभाऊ," ते म्हणाले. "तवा तिच्या सासूनं आंदर आवाज देल्ला, 'मनीषा, तुह्या माहेरचं मानूस आलं वो, चहा ठेव.' मले तवाच म्हनाचं होतं, बाई, मी माहेरचा नोहो, मी कोच होय. पन नाई म्हनलं. बसलो. चहा पेलो." त्यांनी डोळे पुसले, लपवले नाहीत. "मंग दिवसभर मले कोच होताच नाई आलं."