खोलीत पाच जण

"मंगळवारी चारला मंजुरी, पाचला मी सामान बांधायला घेतो," व्हर्नन लिंडक्विस्टने बायकोला फोनवर छातीठोकपणे सांगितलं. डेल्फिना दोन वर्षं न्यू मेक्सिकोत, आपल्या म्हाताऱ्या वडिलांपाशी राहत होती. वडील घर सोडायला तयार नव्हते आणि व्हर्ननला कॅलिफोर्नियातल्या कॉलेजातली नोकरी सोडवत नव्हती. मधे हजार मैल. त्याचा मातीशास्त्राचा अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवायला परवानगी मिळाली, की तो तिच्या स्वयंपाकघरात बसून शिकवणार होता. तिच्यावाचून त्याला करमत नव्हतं. हल्ली तो ओट्यापाशी उभ्या उभ्याच डब्यातलं सूप पिऊन टाकायचा, टेबलाशी बसणं नको वाटायचं.

अर्ज चौदा पानांचा होता. 'विद्यार्थी समोर नसताना त्याच्याशी संपर्क कसा ठेवाल?' या प्रश्नाला बाकीचे मास्तर दोन ओळींत वाटेला लावतात. व्हर्ननने दीड पान लिहिलं. रोज ठरल्या वेळी फोन करावा. सांगण्यासारखं काही नसलं तरी करावा. आवाज बसलेला वाटला तर कारण विचारावं. आपण होऊन फोन ठेवू नये.

अभ्यासक्रम समितीच्या अध्यक्ष जून ओकामुरा यांनी ते वाचून चष्मा पुसला. "व्हर्नन, हे विद्यार्थ्यांबद्दलच आहे ना रे?"

"बहुतेक," तो म्हणाला.

विरोध कुणाचाच नव्हता. घोडं अडलं कायद्यापाशी. समितीच्या नऊ जागा. त्यातले पाच जण खोलीत प्रत्यक्ष हजर असतील तरच बैठक. एक जागा रिकामीच होती. चार जण खोलीत आले होते, चार भिंतीवरच्या पडद्यावर.

"आम्ही आहोत की," पडद्यावरून गणिताचा ब्रूस म्हणाला. त्याच्या मांडीवर कुत्रं होतं.

"तू दिसतोस, पण मोजला जात नाहीस," ओकामुराबाई म्हणाल्या.

"अगं जून, ऑनलाइन शिकवायला परवानगी देणारी समिती ना ही?"

"हो. पण ती ऑनलाइन भरत नाही."

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. व्हर्ननने लालूच म्हणून 'पीच पाय', म्हणजे पीचची फळं भरलेला गोड पदार्थ, घरी भाजून नेला. खोलीतल्या चौघांनी तो चाटूनपुसून संपवला आणि पडद्यावरच्या चौघांनी बघितला.

तिसरी बैठक वर्षातली शेवटची. ती हुकली की सगळं पुढच्या वर्षावर. आदल्या संध्याकाळी डेल्फिना म्हणाली, "बाबांचं मी कितीही वर्षं करीन रे. पण तुझ्याशिवाय अजून एक वर्ष नाही व्हायचं माझ्याच्याने." त्या रात्री व्हर्ननने आपण होऊन फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी खोलीत समितीचे मोजून चार जण. ओकामुराबाई बैठक रद्द करणार, तेवढ्यात चिटणीस टेरेसाने कागद चाळले. "रिकामी जागा शेतकी विभागाची आहे. त्या विभागाचं कुणी आहे का इथे?"

व्हर्ननने हात वर केला. विभागप्रमुखाने फोनवरच त्याची नेमणूक केली. स्वतःच्या अर्जावर त्याला मत देता येणार नव्हतं, पण त्याचं डोकं मोजता येत होतं. झाले पाच! चौघांनी हात वर केले आणि अर्ज मंजूर झाला.

व्हर्ननने तिथूनच डेल्फिनाला फोन लावला. "झालं गं. निघतोच मी."

"अभिनंदन," ओकामुराबाई म्हणाल्या. "सुट्टी संपली की दर पंधरा दिवसांनी मंगळवारी बैठक. तुझी नेमणूक दोन वर्षांची आहे."

"मी पडद्यावरून येईन."

"दिसशील. मोजला जाणार नाहीस."

"मग हा घे राजीनामा. आत्ता, तोंडी."

"लेखी लागतो," टेरेसा म्हणाली. "आणि तो पुढच्या बैठकीत मंजूर व्हावा लागतो. तोवर इथे हजर राहावं लागतं."

व्हर्ननने एकवार खोलीतल्या खुर्च्यांकडे पाहिलं. त्याला धरून पाच. त्याच्यावाचून चार.

"ऐकतोयस ना?" फोनमधून डेल्फिनाने विचारलं. "मग कायमचा कधी येतोस?"

व्हर्नन हळूच खुर्चीत टेकला.

"पाच जण जमले की," तो म्हणाला.